वैजूनानांनी न तापवलेला पत्रा

जामखेडला नगर रोडवर समोरासमोर दोन दुकानं आहेत. एक माझं, चाकांच्या अलाइनमेंटचं. त्यात संगणक आहे, चार कॅमेरे आहेत आणि गिऱ्हाइकाला बसायला काचेची केबिन आहे. दुसरं वैजूनानांचं, डेंटिंगचं. त्यात पत्र्याची शेड आहे, एक ऐरण आहे आणि गिऱ्हाइकाला बसायला जुना टायर आहे. वाकलेल्या गाड्या आधी तिकडे जातात, मग माझ्याकडे येतात, आणि त्या खरंच सरळ झाल्या का ते मी सांगतो. म्हणजे नानांचा पेपर मी तपासतो. वीस वर्षांत त्यांनी मला फारसे मार्क कापू दिले नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला जरा रागच येतो.

नाना मूळचे खर्ड्याकडच्या कोरडवाहू गावातले. लग्न झालं त्याच वर्षी बायकोला, भीमाबाईंना, घेऊन ऊसतोडीला गेले आणि पुढं चौदा हंगाम जात राहिले. टोळीत कोयत्याची मूठ निघाली, ट्रॉलीचा हूक वाकला, की लोक नानांना हाक मारायचे. साखर कारखान्याच्या गेटाबाहेर एक लोहार बसायचा. नाना त्याचा भाता ओढायचे आणि बदल्यात काम शिकायचे. पंधराव्या वर्षी टोळी निघाली तेव्हा नाना गेले नाहीत. त्यांनी इथं शेड घातली.

आमची गिऱ्हाईक लंकाबाईही ऊसतोडीच्या त्याच वाटेवरची. चाळिशीत तिनं गाडी शिकून घेतली, एक जुनी छोटी मोटार मिळवली, तिला टॅक्सीची पिवळी पाटी लावली आणि वस्त्यांवरचे तीन डायलिसिसचे पेशंट आठवड्यातून दोनदा नगरला न्यायला लागली. नवरा सहादेव घरची जिराईत जमीन आणि दोन म्हशी बघतो. गाडी चालली तर दोघं घरी. गाडी बसली तर दसऱ्यानंतर पुन्हा टोळी, पुन्हा राहायला उसाच्या पाचटाची कोपी आणि सहा महिने उसाचा फड. मुकादम तिच्या दारात येऊन विचारूनही गेला होता. दसऱ्याला सांगते, एवढंच ती म्हणाली होती.

दसऱ्याला अठरा दिवस उरले असताना तिची गाडी माझ्या रॅम्पवर चढली. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेनं तारा दिसेपर्यंत झिजले होते. मी बॉनेट उघडलं. गाडीच्या पुढच्या शॉकअपचं वरचं टोक बॉनेटखाली दोन्ही बाजूंना पत्र्याच्या घरात बोल्टांनी बसवलेलं असतं. रस्त्याचा प्रत्येक दणका त्या दोन घरांवर येतो, म्हणून त्यांचा माथा सपाट आणि जागच्या जागी हवा. लंकाबाईच्या गाडीची दोन्ही घरं भाकरी फुगावी तशी वर आली होती आणि एकमेकांकडे झुकली होती. बोल्टांभोवतीचा रंग तडकला होता. संगणकावर दोन्ही चाकांचे आकडे लाल, म्हणजे नापास.

"ताई, ही गाडी संपली," मी म्हणालो. मला गोड बोलता येत नाही.

"नगरच्या वर्कशॉपवालं बी हेच म्हनलं," ती म्हणाली. "भंगारात घाला म्हनलं."

खरी अडचण वेगळीच होती. हीच घरं मार्च महिन्यात नानांनी गॅसच्या ज्योतीनं लाल करून, ठोकून बसवली होती, आणि माझ्या मशीननं ती पासही केली होती. सहा महिन्यांत पत्रा पुन्हा वर आला होता. नाना रस्ता ओलांडून आले, बॉनेटमध्ये वाकले आणि दोन्ही माथ्यांवरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.

"लंकाबाई, ही चूक माझी हाय," ते म्हणाले. "गाडीची न्हाई."

मी त्यांना कोपऱ्यात ओढलं. "नाना, गिऱ्हाइकासमोर असं कुणी बोलतं का? रस्त्यावर ढकला की!"

"रस्ता यील का हितं साक्ष द्याया?" ते म्हणाले आणि परत लंकाबाईसमोर जाऊन टायरवर बसले.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. वीस वर्षांत ती मला कधी सांगितली नव्हती.

"पयल्या हंगामात भीमाचा कोयता दगडावर बसून वाकला. म्या घाईनं चुलीत लाल केला, ठोकून सरळ केला आन् दिला तिला. दिसाया झ्याक. पन त्याचं पानी उतरल्तं. दुपारपतुर धार वळली. दिसभर ती बोथट कोयत्यानं ऊस तोडीत हुती. हाताला फोड आलं, पन मला काय बी बोलली न्हाई. मंग लोहारानं सांगितलं, लोखंड लाल केलं की त्याचा कस जातो, मऊ पडतं. भीमाला मातुर म्या ते कंदी सांगितलं न्हाई. कोयत्याचं म्हायती हुतं मला. पत्र्याला मातुर गॅस लावीत आलो. समदे लावत्यात म्हनून."

"मग आता?" मी विचारलं.

"आता गार काम. ज्योत न्हाई लावायची."

"नाना, दसऱ्याच्या आत व्हईल का?" लंकाबाईनं विचारलं. "मुकादमाला सांगायचंय."

"त्याला दसऱ्यालाच सांग. त्याच्या आदी न्हाई."

पहिले दोन दिवस नानांनी हातोड्याला हात लावला नाही. नुसती मापं घेतली. सुतळी ताणली जाते म्हणून बारीक तार घेतली, या घराच्या बोल्टापासून त्या घराच्या बोल्टापर्यंत, मग तिरकी, मग उलटी तिरकी. बरोबर माप कळायला तशीच दुसरी गाडी हवी, म्हणून माझ्याकडे टायर बदलायला आलेल्या एका गुरुजींच्या तसल्याच गाडीत ते तार घेऊन घुसले. गुरुजी केबिनमध्ये दीड तास ताटकळले आणि जाताना मलाच बोल लावून गेले.

तिसऱ्या दिवशी नानांनी शॉकअप उतरवले, दोन घरांच्या मध्ये स्क्रूचा जॅक आडवा लावला आणि त्यांना बाहेर रेटायला सुरुवात केली. फुगलेल्या माथ्यावर एक जाड लोखंडी थाळी, खालून दुसरी, मधून बोटाएवढा बोल्ट. बोल्टाला पाव आटा, म्हणजे पाव फेरा, द्यायचा, कडेनं लाकडी हातोड्यानं हळू ठोकायचं आणि थांबायचं. चहा प्यायचा. पुन्हा पाव आटा.

"अहो नाना, तोवर उसाला तुरा येईल!" मी इकडून ओरडायचो.

"मंग तू जा तोडाया," ते तिकडून म्हणायचे.

स्प्रिंगा उतरवल्यावर बिंग फुटलं. वस्तीच्या वाटेवर गाडी खालून घासते म्हणून लंकाबाईनं स्प्रिंगांच्या वेढ्यांत कडक रबर घालून गाडी उंच करून घेतली होती. आमच्या भागात सगळेच घालतात. त्यामुळे स्प्रिंग दबतच नव्हती. त्यात अ‍ॅव्हरेज मिळावं म्हणून टायरात ठासून हवा. शॉकअपच्या टोकाचं मूळचं मऊ रबर तर कधीच मेलं होतं. दणका जिरायला वाटेत काही उरलंच नव्हतं, तो थेट पत्र्यावर जात होता. नानांनी एक कडक रबर उचललं, उलटंपालटं केलं आणि माझ्याकडे बघितलं.

ती रबरं मीच विकली होती. शिवाय लंकाबाईला वर सांगितलं होतं, ताई, आता खड्ड्याची काळजी सोडा.

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी दुकानातली उरलेली सगळी रबरं खोक्यासकट बाहेर काढली आणि त्या दिवसापासून विकायची बंद केली. मग बाह्या सरसावून रस्ता ओलांडला आणि पाव पाव आटे द्यायला बसलो. चहासुद्धा मीच सांगत होतो.

माथे सपाट झाले, तार दोन्ही तिरक्यांना सारखी बसली. पण एकदा मऊ पडलेल्या पत्र्यावर नानांचा भरवसा नव्हता. त्यांनी जाड पत्र्याच्या दोन टोप्या घडवल्या, त्या माथ्यांवर चपखल बसवल्या आणि वेल्डिंगचे अगदी लहान टाके घातले. एक टाका, वर ओलं फडकं, गार झाल्याशिवाय दुसरा नाही. गंज धरू नये म्हणून प्रायमरचे दोन हात. दोन्ही घरांना जोडणारी आडवी नळी बसवली, म्हणजे ती पुन्हा एकमेकांकडे झुकायची नाहीत. स्प्रिंगांतली कडक रबरं काढून टाकली, शॉकअपची नवी रबरं आणली, पुढचे झिजलेले टायर बदलले, आणि टायरात हवा भरली ती दारावरच्या पट्टीवर कंपनीनं छापली आहे तेवढीच.

खंडेनवमीला अजून चार दिवस होते. मला वाटलं, झालं. नाना म्हणाले, अजून काहीच झालं नाही. त्यांनी गाडीत वाळूची पोती टाकली, स्वतः पुढं बसले आणि लंकाबाईला त्याच वस्तीच्या वाटेवर गाडी घालायला लावली, तीन दिवस, रोज दहा खेपा. चढउताराला पाय कसा उचलायचा, खड्ड्यात ब्रेक दाबून का शिरायचं नाही, हे तिला शेजारी बसून शिकवलं. संध्याकाळी बॉनेट उघडून माथ्यावर पोलादी पट्टी उभी ठेवायची आणि खालून उजेड दिसतो का, म्हणजे माथा पुन्हा फुगला का, ते बघायचं. तिन्ही दिवस उजेड दिसला नाही. महिन्याला एकदा हे स्वतः बघायचं, असं तिला बजावून सांगितलं.

खंडेनवमीला माझ्या मशीनची पूजा झाली आणि पहिली गाडी लंकाबाईची चढली. मी कॅमेरे लावले. डावा आकडा हिरवा झाला. उजवा जरा रेंगाळला आणि तोही हिरवा झाला. मी पुन्हा मोजलं, मग पुन्हा. लंकाबाई पडद्याजवळ येऊन म्हणाली, "हिरवं म्हंजी बरं का?" मी ओरडलोच, "बरं म्हणजे काय! कंपनीतून निघाली तेव्हासुद्धा इतकी सरळ नसेल!"

दसऱ्याला मुकादम आला. लंकाबाईनं त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

"सोनं घ्या, भाऊ," ती म्हणाली, "आन् औंदा तोडीला दुसरी जोडी बघा."

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी टोळीचे ट्रॅक्टर आमच्या दुकानांवरून निघाले. ट्रॉल्यांमध्ये भांडीकुंडी, खाटा-बाजा, शेळ्या आणि वर बसलेली माणसं. शेवटच्या ट्रॉलीमागं लंकाबाईची गाडी होती, आत तिन्ही पेशंट. ट्रॉलीतल्या बाया तिच्याबरोबर अनेक वर्षं तोडायला गेलेल्या. त्यांनी तिला ओळखलं आणि एकच गलका केला. एकीनं तर उभं राहून पदर हलवला. "लंके, हाण पुढं! थांबू नगंस!"

लंकाबाईनं हॉर्न दिला, नानांच्या शेडसमोरचा गतिरोधक हलक्या पायानं पार केला आणि एकेक ट्रॉली मागं टाकत नगरच्या दिशेनं निघून गेली. मी टाळ्या वाजवत होतो. नाना रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून फक्त पुढच्या चाकांकडे बघत होते. गाडी दिसेनाशी झाल्यावर ते उठले आणि घराकडे चालायला लागले. ऐन सकाळी नाना शेड सोडून कधी जात नाहीत.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"भीमाला सांगतो," ते म्हणाले. "तिच्या कोयत्याचं बी सांगायचं ऱ्हायलंय."