वाटून टाकलेला तास

"आणि?"

बाईंना कोणी काही सांगितलं की त्या चष्मा काढायच्या, तो दोरीवर लोंबू द्यायच्या आणि एवढंच विचारायच्या. सांगणाऱ्याला वाटायचं आपलं सांगून झालं. बाईंना वाटायचं, आत्ता कुठे सुरुवात झाली.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांचा राउंड तुम्ही पाहिला असेल. कॉटभोवती पांढऱ्या कोटांचा घोळका आणि त्यातला एक पोरगा पाठ केलेलं म्हणतोय, "पुरुष, वय पंचावन्न, छातीत दुखणं, डायबेटिस." आमच्या राउंडला घोळक्याच्या मागे सुती साडीतल्या बाई असायच्या. पोरगा थांबला की मागून यायचं, "आणि?"

"आणि काय, बाई?"

"आणि राहतात कुठे? घरी स्वयंपाक कोण करतं? इथे त्यांना आणलं कोणी?"

पोरगा मग कॉटकडे असा बघायचा, की तिथे माणूस झोपलाय हे त्याला आत्ताच कळलंय.

मी अ‍ॅनाटॉमी शिकवते. आमचं मेडिकल कॉलेज अंधेरी आणि बोरिवलीच्या मधे कुठेतरी आहे असं समजा, नाव कशाला. मध्यंतरी डॉक्टरकीचा अभ्यासक्रम बदलला. डॉक्टर नुसता हुशार नको, माणूसही हवा, असं वरच्या लोकांच्या लक्षात आलं. उशिरा आलं, पण आलं. पहिल्या वर्षापासून पोरांना भाषा, समाज, साहित्य, माणसाशी बोलणं हे सगळं शिकवायचं ठरलं. 'सामान्य शिक्षण' असं त्या तासाचं नाव. वेळापत्रक करायचं काम माझ्या गळ्यात असल्यामुळे तो तास कुठे कोंबायचा हा प्रश्नही माझाच. मी तो शनिवारी दुपारी जेवणानंतर ठेवला. त्या वेळी कॉलेजात फक्त पंखे जागे असतात.

तो तास घ्यायला बाई आल्या. मुलुंडच्या एका आर्ट्‌स कॉलेजात जन्मभर मराठी शिकवून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. आमच्याकडे सगळ्याजणी मॅडम. या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला बाई म्हणा, सवय आहे." बाहेरच्या राज्यातली पोरं हबकली. त्यांच्या माहितीत मुंबईत बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. एकाने मला गुपचूप येऊन विचारलं, खरंच म्हणायचं का? मी म्हटलं, म्हण बाबा, त्यांना आवडतं.

मी एकदा त्यांना विचारलं, "मराठीच्या हौशी पोरांना सोडून इथे कुठे आलात? इथे कोणाला त्याचं काही पडलेलं नाही."

"म्हणूनच आले," त्या म्हणाल्या. "ज्यांना हवं होतं त्यांना खूप शिकवलं. आता नको असलेल्यांना शिकवून बघते. जमलं तर मजा आहे."

जमत काही नव्हतं. पहिल्या बाकावर चारदोन टाळकी, मागे सगळा वर्ग रिकामा. परीक्षेत जे येत नाही ते शिकायचं कशाला, हा आमच्या पोरांचा सरळ हिशोब आहे. त्यांना दोष तरी कसा देणार? एंट्रन्सच्या क्लासमध्ये दोन-तीन वर्षं त्यांना हेच शिकवलेलं असतं. फिजिऑलॉजीचे सर, म्हणजे त्या विभागाचे प्रमुख, तर उघड म्हणायचे, "भजनी मंडळ चालू केलंय." सर माणूस सज्जन. पण स्लाइडवरचं वाचून दाखवायचे आणि त्यालाच शिकवणं म्हणायचे.

शेवटी डीन म्हणाले, या तासाला गुण ठेवा, म्हणजे पोरं येतील. बाईंना ते पटलं नव्हतं, पण तास वाचवायचा म्हणून हो म्हणाल्या. परीक्षा अशी ठरली: एक खोटा पेशंट बसवायचा आणि पोरांनी एकेक करून आत येऊन त्याला वाईट बातमी सांगायची. तुमच्या तपासणीत मोठा आजार निघालाय, असं. शिकवणाऱ्याने गुण द्यायचे नाहीत, म्हणून बाई त्यात नसणार; मी आणि फिजिऑलॉजीचे सर कोपऱ्यात बसून छापील यादीवर खुणा करणार. नीट बसला का, नजर दिली का, धीर दिला का, पाणी दिलं का.

पेशंट म्हणून आमच्या डिसेक्शन हॉलचे शिपाई, कदममामा. मूळचे सावंतवाडीकडचे, गावी गणपतीतल्या नाटकात कामं केलेले. त्यांना सांगितलं फक्त बसून ऐका, तर ते दाढी वाढवून, चुरगळलेला शर्ट घालून सकाळपासून तयार.

आता इथे आमच्या पोरांची हुशारी बघा. ही यादी कशी कोण जाणे त्यांच्या हाती लागली होती आणि ग्रुपवर फिरली होती. पहिला आत आला. खुर्ची ओढली, पुढे वाकला, मामांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "मी तुमचं दुःख समजू शकतो." मग गप्प राहिला. मग पाण्याचा ग्लास पुढे केला. मामांचे डोळे भरून आले, पाणी प्यायले. मला वाटलं, वा, बाईंनी काम केलंय.

दुसरी आली. खुर्ची, वाकणं, खांदा, "मी तुमचं दुःख समजू शकते", गप्प, पाणी. मामा प्यायले. तिसरा आला, तेच. चौथा आला, तेच. शब्दसुद्धा इकडचा तिकडे नाही. आणि मामा प्रत्येकाचं पाणी पीत होते. नाटकातला माणूस, समोरच्याने दिलेलं पाणी नाकारायचं कसं? थोड्या वेळाने त्यांच्या रडण्यातला जीव गेला. मग ते घाम पुसायला लागले. मग मधल्या वेळात माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, माका आता पाणी नको." मी हसू दाबत म्हटलं, थोडेच राहिलेत मामा, धीर धरा. आम्ही दोघं मान खाली घालून खुणा करत होतो. सगळ्यांना पूर्ण गुण.

मग लातूरकडची स्नेहल आली. वर्गात तोंड न उघडणारी, वर बघायची तीसुद्धा भीतभीत. ती खुर्चीत बसली आणि पुढचं सगळं विसरली. खांदा नाही, वाक्य नाही. नुसती मामांकडे बघत राहिली. मामांचा गुडघा सारखा हलत होता. ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, तुम्हाला बाथरूमला जाऊन यायचंय का?"

मामा जे उठले ते धावतच गेले. ते परत येईपर्यंत तिची वेळ संपली. आजाराचं एक अक्षर तिने सांगितलं नव्हतं. यादीप्रमाणे तिला जवळजवळ शून्य. बाहेर जिन्यावर बसून रडत होती. म्हणाली, "मॅडम, माझी वाट लागली. सगळं पाठ होतं हो." गुणांत ती एकटी नापास. घरी काय सांगणार, हा तिचा प्रश्न होता. गावातली पहिलीच डॉक्टर होणार म्हणून तिच्या वडिलांनी वेशीवर बोर्ड लावलेला.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये मी बाईंना सगळं रंगवून सांगितलं, मामांच्या पाण्यासकट. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग मी स्नेहलचं सांगितलं आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढून दोरीवर सोडला.

"एवढ्या पोरांत मामांकडे बघितलं तिने एकटीने," त्या म्हणाल्या. "आणि आपण नापास कोणाला केलं, तर तिला. डॉक्टर, हे माझं पाप आहे. गुण लावायला मी हो म्हणायला नको होतं."

पुढच्या आठवड्यात अभ्यासक्रमाची मीटिंग होती. बाईंनी उभं राहून सांगितलं की या विषयाचे गुण रद्द करा, सगळ्यांचेच. डीन वैतागले. त्यांचंही बरोबर होतं. म्हणाले, "बाई, गुण नसले तर पोरं येत नाहीत आणि पोरं आली नाहीत तर तास बंद करावा लागेल. मग तुमचं कॉन्ट्रॅक्ट कशावर चालू ठेवू?"

"तास बंद करा," बाई म्हणाल्या.

मी पाहतच राहिले. आमच्याकडे एकेका तासासाठी विभागप्रमुख एकमेकांच्या उरावर बसतात. स्वतःचा तास सोडणारं माणूस त्या टेबलावर कोणी बघितलं नव्हतं.

"बंद करा आणि वाटून टाका. थोडा अ‍ॅनाटॉमीला, थोडा फिजिऑलॉजीला, थोडा बाकीच्यांना. जे शिकवताय त्यातच हे शिकवा. वेगळं काढून ठेवलं की पोरं ते वेगळं पाठ करतात. बघितलंत ना?"

फिजिऑलॉजीचे सर म्हणाले, "आम्हाला नाही येत हे असलं."

"मला तरी कुठे किडनी येते? वर्षभर तुमच्या वर्गात मागे बसते. मी किडनी शिकते, तुम्ही हे शिका."

"आणि वर्षानंतर तुम्ही काय करणार?" डीननी विचारलं.

"वर्षानंतरही तुम्हाला मी लागत असेन, तर काम फसलं असं समजा."

गुण गेले, स्नेहल सुटली. मीटिंगनंतर मी बाईंना कँटीनमध्ये नेलं आणि चांगलंच झापलं. म्हटलं, कॉन्ट्रॅक्टचं एकच वर्ष उरलंय, ते वाढवायचं तरी बोलायचं, एवढं काय अडलं होतं? त्या चहा ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "भीती वाटते गं. घरी गेले की टीव्ही लावते, कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. हा तास होता तर शुक्रवारपासून मी मजेत असायचे. पण तास ठेवायचा म्हणून पोरांना खोटं वागायला शिकवू का?" 'डॉक्टर' म्हणायचं सोडून त्या मला 'गं' म्हणाल्या ते पहिल्यांदाच.

मग वर्षभर बाई शेवटच्या बाकावर. नव्या बॅचच्या डिसेक्शनच्या पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, सुरी जरा उशिरा घ्या, सुरुवातीला फक्त हात बघू दे. टेबलावर एका म्हाताऱ्या बाईंचा देह होता. पोरं नाइलाजाने वाकली. हळूहळू बोलायला लागली. बोटावर अंगठीचा वळ आहे. तळव्याला घट्टे आहेत. अंगठ्याच्या टोकाला जुना चटका आहे. एक मुलगा म्हणाला, "माझ्या आजीला पण आहे, भाकरी उलटताना बसतो." मग मी त्याच हाताचे स्नायू शिकवायला घेतले. इतकी वर्षं हात शिकवतेय, पण त्या दिवशी सुरुवात त्या चटक्यापासून केली. त्या वर्गातल्या कोणाला हाताची रचना पुन्हा सांगावी लागली नाही.

फिजिऑलॉजीचे सर मात्र काही केल्या बधेनात. बाई त्यांच्या वर्गात जायच्या, वहीत किडनीचं चित्र काढायच्या, शंका विचारायच्या. सर उत्तर द्यायचे आणि पुढची स्लाइड लावायचे. वर्ष संपत आलं. मी चिडून म्हटलं, "सोडा आता त्यांचा नाद, बाई. दगड आहे तो."

"दगड नाहीत, लाजतात," बाई म्हणाल्या. "घरचं काही वर्गात बोलायचं नसतं, असं वाटतं त्यांना. आमच्या पिढीला तसंच शिकवलंय."

कॉन्ट्रॅक्ट संपलं. निरोप समारंभ करू म्हटलं तर बाईंनी हात जोडले. आता त्या कॉलेजात येत नाहीत. नव्या मुलांना त्या माहीतही नाहीत. फोन केला की म्हणतात, बरी आहे, आणि मागे टीव्हीचा आवाज येतो. मला फार वाईट वाटतं. वेळापत्रक करायला बसले की शनिवारची दुपार तशीच मोकळी सोडते आणि कारण विचारलं तर कोणावर तरी खेकसते.

शेवटच्या दिवशी त्या कपाटाची किल्ली द्यायला आल्या होत्या. आम्ही दोघी वरच्या मजल्यावरून चाललो होतो. फिजिऑलॉजीच्या वर्गाचं दार अर्धवट उघडं होतं. स्लाइड बंद होती. सर टेबलाला टेकून उभे होते, असं उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मीठ बंद, असं लिहायला काय लागतं?" ते म्हणत होते. "माझी आई डायलिसिसवर होती. रत्नागिरीची बाई. मीठ बंद म्हटल्यावर ती म्हणाली, मग जेवू कशाला? मी डॉक्टर, मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या घरी मिठाशिवाय काय होतं सांगा बघू."

एक पोरगी काहीतरी म्हणाली, वर्ग हसला, सरही हसले. मग दुसरा बोलायला लागला. मग मागचे सगळेच.

बाई दाराबाहेर भिंतीला हात टेकवून उभ्या राहिल्या. मी त्यांचा दंड धरला, म्हटलं, "चला ना आत. त्यांना बघू दे तुम्हाला."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले, पण चेहरा उजळला होता.

"नको गं. मी आत गेले तर ते बोलायचे थांबतील."

किल्ली माझ्या हातात देऊन त्या जिना उतरून गेल्या. आत सर आईबद्दल बोलतच होते.