सिद्धोधनची जाड टायरांची सायकल

सिद्धोधनला दुधना नदी निघते कुठून ते बघायचं होतं. नकाशावर बोट ठेवून कुणीही सांगेल, संभाजीनगरच्या बाजूच्या डोंगरातून म्हणून. पण त्याला काठाकाठानं जायचं होतं, शेतरस्त्यांनी, वाटेतल्या गावांत मुक्काम करत, आणि सायकलवर.

पेडगावात रस्त्याला लागून त्याचं वेल्डिंगचं दुकान. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या मोडलेल्या ट्रॉल्या असलं काम. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं काटक, कधी कुणाशी मोठ्यानं बोलला नाही. घरी बायको नीलम, ती अंगणवाडीत जायची. वडील रंगनाथ, रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये उभी हयात काढलेले.

मानवतचा श्रीशैल त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. एका श्रावणात दोघं साध्या सायकली घेऊन दुधनेच्या काठानं निघाले, आणि दोन शेतं ओलांडायच्या आत अडकले. काळी माती चाकाला धरली, मडगार्डमध्ये गच्च बसली आणि चाक फिरायचंच थांबलं. सायकली खांद्यावर घेऊन डांबरी रस्ता गाठावा लागला.

श्रीशैल शिव्या घालत होता. सिद्धोधन चाक धरणाऱ्या चिमट्यात अडकलेला चिखल काडीनं उकरत बसला होता.

"चाक आन् चिमट्याच्या मधी जागाच न्हाई," तो म्हणाला. "चिखल जाईल कुठं? टायर जाड पाहिजे, आन् त्याच्या दोन्ही अंगाला बोटं जातील एवढी जागा पाहिजे."

"इकत मिळत्यात की तसल्या."

"त्या ॲल्युमिनिअमच्या. रानात मोडली तर कोण जोडील? लोखंडाची असली की कुठल्याबी गावात जोडता येती. मीच करतो."

आणि त्यानं करायला घेतली. गेट जोडणं वेगळं आणि सायकल जोडणं वेगळं, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. पातळ पोलादी पाइपाला नेहमीचं वेल्डिंग लावलं की भोक पडायचं. मग तो गॅसच्या आचेवर पितळ वितळवून सांधे जोडायला शिकला. मागच्या चाकाला जागा करायला पाइप बाहेर वाकवले, तर पायडल त्यांच्यावर आपटायला लागलं. ती फ्रेम त्यानं भंगारात टाकली. दुसरी जरा तिरकी झाली, तीही टाकली. नीलम डबा घेऊन दुकानात यायची आणि बघत उभी राहायची.

"आवो, गिऱ्हाईक गेट मागायलंय, आन् तुमी हे काय करायलाय?"

"हे झालं की गेट."

तिसरी फ्रेम सरळ आली. त्यानं दोरा लावून तपासली, पुन्हा तपासली, आणि श्रीशैलला फोन करून नुसतं "झाली" म्हणाला. तिला तांबडा प्रायमर लावला. नीलमनं जुन्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवल्या, मागं दोन्ही बाजूंना अडकवायला. दिवाळीनंतर रानं वाळली की निघायचं ठरलं.

चाकं बसवायची राहिली होती, तेव्हा त्याला ताप आला. थंडी वाजून, दात वाजायला लागतील असा. लघवीच्या मार्गातला आजार रक्तात उतरला होता. परभणीतून नांदेडला नेलं. तिथं तो बरेच दिवस शुद्धीवर नव्हता. रोज इंजेक्शनं चालू होती. रंगनाथ बाहेर बाकावर भिंतीला टेकून बसायचे आणि कुणी डॉक्टर दिसला की उठून उभे राहायचे. शेवटी ताप उतरला. माणूस वाचला. घरी आणला तेव्हा शेजारच्या बायांनी नीलमला मिठ्या मारल्या.

चालताना तो भिंत धरायचा. अशक्तपणा असेल, सगळेच म्हणाले. त्यालाही तसंच वाटलं. खाटेवर बसून त्यानं चाकं बांधली, श्रीशैलनं आणलेले जाड टायर चढवले. सायकल उभी राहिली तेव्हा दुकानासमोर चार माणसं जमली. दिसायला ती कुठल्याच सायकलीसारखी नव्हती, रेड्यासारखी रुंद होती.

सिद्धोधननं पायडलवर पाय ठेवला आणि डाव्या अंगाला पडला. तो हसला. लोकही हसले. पुन्हा बसला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा श्रीशैलनं मागून सीट धरली, लहान पोराची धरतात तशी. त्यानं हात सोडला आणि सिद्धोधन उजवीकडे, सायकलसकट, खडीवर. मग कुणी हसलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तो दुकानात उभा राहून एक गेट जोडायला गेला. वेल्डिंगची काळी काच तोंडासमोर धरली, सगळं अंधारलं, आणि तो कापलेल्या झाडासारखा गेटवर कोसळला. हात भाजला. तेव्हा नीलमनं त्याला परभणीच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी त्याला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि पडायच्या आत धरलं.

"कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो," त्या म्हणाल्या. "नांदेडला जंतू मारायला इंजेक्शनांतून जे औषध दिलं, त्यानं कधीकधी तो भाग मरतो. तुमचा दोन्ही बाजूंचा गेलाय. आता तुम्ही नुसत्या डोळ्यांच्या आधारानं उभे राहता. ते औषध दिलं नसतं तर तुम्ही आज इथं नसता, हेही खरं."

"परत कवा यील?"

"तो परत येत नाही."

"म्हंजी किती दिवस लागतील?" सिद्धोधननं विचारलं. त्याला ऐकू आलं होतं, पण दुसरं काय विचारावं हे सुचलं नाही.

त्यांनी व्यायाम दिले. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर त्यावर रोखायची आणि मान हलवायची. तो सकाळ संध्याकाळ ते करायचा, भीमजयंतीपर्यंत केलं, नंतरही केलं. दिवसाउजेडी सपाट जागी तो नीट चालायला लागला. अंधारात मात्र पायाखाली जमीनच नसायची.

"मागं दोन चाकं लावू की," नीलम एक दिवस म्हणाली. "तीन चाकं झाली की पडायचं भ्या न्हाई."

त्याच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी काही हललं. सायकलची फ्रेम त्यानं कापली नाही. मागं जोडायला वेगळा सांगाडा केला, बसून, सावकाश, काळ्या काचेऐवजी फिकट काचेचा चष्मा लावून. नीलम सोबत असताना तो शेतरस्त्यावर गेला. आता सायकल पडत नव्हती. पण चाक ढेकळावर गेलं, डोकं हललं, आणि समोरचा रस्ता, बांध, बाभळी, सगळं उड्या मारायला लागलं. डोकं हललं तरी नजर स्थिर ठेवणं हेही कानातल्या त्याच भागाचं काम, आणि तो भाग मेला होता. थोड्याच अंतरावर तो उतरला आणि बांधावर बसून ओकला.

"थांबा जरा, मग बघू," नीलम म्हणाली.

"न्हाई. झालं आता."

त्यानं तो सांगाडा काढून टाकला आणि श्रीशैलला बोलावून घेतलं.

"ही घेऊन जा. तू जाऊन ये."

"मी एकटा जाऊन काय करू? आन् ही तुझ्या मापाची हाय."

"सीट खाली कर. हितं असली की मला रोज तिच्याकडं बघावं लागतंय, शिरशैल. घेऊन जा."

श्रीशैल हिवाळ्यात गेला. काठाकाठानं, ठरलं होतं तसाच. डोंगरात पोचल्यावर त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. चालत चालत काढलेला, हलणारा. सिद्धोधननं क्षणभर बघितला आणि डोळे मिटून मोबाइल नीलमच्या हातात दिला.

"तूच बघ. सांग मला."

"खडक हायत. मधून ओल झिरपायलीय. पाणी असं न्हाईच." तिनं मोबाइल कानाशी धरला. "शिरशैलभाऊ म्हणायलेत, सायकल कुठंच कुरकुरली न्हाई म्हणून. लय चांगली झाली म्हणायलेत."

"बरं," तो म्हणाला.

श्रीशैल परत आल्यावर एकदा भेटून गेला, मग महिन्यानं, मग तेही नाही. भांडण काहीच नव्हतं. दोघं समोरासमोर बसले की एकाला प्रवासातलं सांगवत नव्हतं, दुसऱ्याला विचारवत नव्हतं. सायकल मानवतलाच राहिली.

दुकानात आता मोठी कामं येत नाहीत. शिडीवर चढणं नाही, गेट बसवायला जाणं नाही. खुरप्याची मूठ, पातेल्याचा कान, असलं बसून करायचं तेवढं. एका संध्याकाळी काम लांबलं, दिवस मावळला, आणि तो एकटाच घराकडे निघाला. वाटेत रस्त्याकडेच्या नालीत पडला. मोटारसायकलवरून दोघंजण जात होते. त्यांतला एक म्हणाला, "सिद्धोधनबी प्यायला लागला की."

त्यानं आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता. नालीत बसून तो ओरडून हे सांगणार होता, पण ते लांब गेले होते.

तेव्हापासून रंगनाथ त्याला न्यायला येतात. ऐंशीला टेकलेला म्हातारा दिवस कलला की दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो. शटर ओढलं की सिद्धोधन त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो आणि दोघं चालायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं, पोरगा बापाला सांभाळून नेतोय.

परवा ढगांनी लवकर अंधारलं होतं. रंगनाथांना चालताना धाप लागत होती, दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा सिद्धोधननं विचारलं, "बाबा, तुमच्या माघारी मी कसा जाऊ घरी?"

श्वास खाली बसल्यावर रंगनाथांनी लेकाचा हात खांद्यावर नीट ओढून घेतला.

"पाय उचल," ते म्हणाले. "म्होरं खड्डा हाय."