धवलारणीची जीभ

पनवेलच्या आमच्या रुग्णालयात माझी ओपीडी म्हणजे अर्धा वर्गच असतो. मी रुग्णाच्या तोंडात बॅटरी मारते आणि मागे विद्यार्थी माना लांब करून उभे असतात. गणपती नुकतेच गेले होते, तेव्हा उरणकडच्या एका गावची धवलारीण आली. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत लग्न लावणारी ही बाई. जिभेच्या कडेला जखम होती, तपासणीत कॅन्सर निघाला. पण गाठ लहान होती, मानेत काही पसरलं नव्हतं. असा रुग्ण वेळेत आला की मला चक्क आनंद होतो. तो चेहऱ्यावर दिसू नये याची काळजी घ्यावी लागते.

अर्धी जीभ काढू, हाताची कातडी घेऊन नवी करू, असं मी तिला सांगितलं. अशा जिभेनं माणूस किती बोलू शकतो, यावरच माझं संशोधन आहे. त्यामुळे जरा ऐटीतच म्हणाले, "मावशी, बोलता येईल तुम्हाला."

"आनि गाता येल?"

आम्ही बोलणं तपासलं होतं, खाणं, गिळणं तपासलं होतं. गाण्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "ते मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मंग नातीचा लगीन लावते आनि येते. मार्गशीर्षात हाय."

मी समजावलं, दटावलं, तिच्या मुलाला बाहेर नेऊन घाबरवलं. रुग्णाच्या नकाराचा मान ठेवा, असं मी वर्गात शिकवते. त्या दिवशी मात्र तिला उचलून टेबलावर घालावंसं वाटत होतं. मग फोन करत राहिले. मुलगा दर वेळी म्हणायचा, "मॅडम, आई आयकत नाय. मी तरी काय करू?" संध्याकाळी रोडपालीला घरी जाताना हळदीचा मांडव दिसला की तिच्या नातीच्या लग्नाला किती दिवस उरले ते मोजायचे.

लग्न लावून ती आली, शब्दाला जागून. लग्नात भरलेला हिरवा चुडा अजून हातात होता. तोंड जेमतेम उघडत होतं आणि मानेत आलेली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला घट्ट चिकटली होती. दोन्हींच्या मध्ये कुठे फट दिसते का म्हणून स्कॅन मी पुन्हा पुन्हा पाहिला. दिसली नाही, म्हणजे आता कापता येणार नव्हतं. सगळे धवले आईनंच म्हटले, मध्येमध्ये रक्त थुंकत, असं मुलगा सांगत होता. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता.

"आता कापा, बाय," ती बोबडं बोलली. "माजा काम झाला."

एका विद्यार्थिनीनं ऑपरेशनची तारीख लिहायला पेन काढलं. मी मानेनंच तिला नको म्हटलं. मावशीनं ते पाहिलं, आणि जेवढं उघडत होतं तेवढं तोंड माझ्यासमोर उघडं धरून बसून राहिली.