छायाची लाथ

सकाळी साडेसहाला छाया डब्यासाठी गवार मोडत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, धडकच. दारात शेजारच्या नवसाबाई, हातात लाटणं.

"कुठंय तो समाधान? पंधरा दिवस झाले, भिंतीपलीकडून नुसती धपाधप! गरीब गाय मिळाली म्हणून मारतो का रे?"

छायाचा नवरा समाधान मोरीतून बाहेर आला तो लंगडत, नडगीला हळदीचा लेप. नवसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग छायाकडे, मग लाटण्याकडे.

"मावशी, मार मी खातोय," तो म्हणाला. "आता लाटण्याचं काय ते तुम्हीच ठरवा."

छाया तोंडाला पदर लावून हसत सुटली. हे हसू गोळीचं होतं. हिवाळ्यात ती अंथरुणातून उठेनाशी झाली होती. त्यांच्या मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू झाडावरच वाळला, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. मग मनाच्या डॉक्टरांनी उदासीवर गोळी दिली. दोन महिन्यांत छाया फुलबाजारात भावावरून भांडू लागली, म्हणजे बरी झाली. पण डोस वाढला आणि झोपेत तिचे पाय उडायला लागले. तिला त्याचा पत्ता नसे. समाधानच्या नडगीला असे. अंबडच्या कंपनीत त्याने म्हैस लाथाडते म्हणून सांगितलं. घरी म्हैस नाही, हे तिथल्या निदान तिघांना ठाऊक होतं.

"मग फेकून दे त्या गोळ्या!" नवसाबाईंनी निकाल दिला.

"मी पण तेच म्हणतो," समाधान चाचरत म्हणाला. "थोडे दिवस बंद करून बघू."

छायाचं हसू मावळलं. गवारीची मूठ तिने ताटात ठेवली.

"आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांनी बजावलंय. आजच त्यांच्याकडे जाऊ. लाथांचं तुम्ही सांगा, मी काय, झोपलेली असते."

दवाखान्यात समाधानने पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि निळेजांभळे पुरावे तारीखवार दाखवले. डॉक्टरांनी हसू कसंबसं आवरलं.

"या गोळ्यांनी काहींचे पाय झोपेत झटके मारतात. डोस उतरवून बघू, नाहीतर गोळी बदलू. एकदम मात्र तोडायची नाही." मग ते छायाकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

"पाय थांबवा, डॉक्टर," छाया म्हणाली. "पण सकाळी उठावंसं वाटतं, तेवढं राहू द्या."