इराणला की ईरण्णाला?

होटगी स्टेशनाबाहेर सायकलींचं दुकान चालवणाऱ्या ईरण्णाचं डोकं फुटलं, ते त्याच्याच हवेच्या पंपानं. फोडणारा विरुपाक्ष, रेल्वेत गँगमन. आणि कशावरून, तर एका बहिऱ्या कानावरून. हसू येईल तुम्हाला, पण रक्त खरं होतं.

विरुपाक्षाची धाकटी बहीण दाक्षायणी सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स. रोज सायकल ईरण्णाच्या दुकानी लावायची आणि गाडी पकडायची. सासर तिनं कधीच सोडलेलं; नवऱ्यानं तापलेलं उलथनं पाठीला लावलं त्याच दिवशी. माहेरी भाऊ. तो उलथनं वापरत नसे, कमरेचा पट्टा वापरी. दिवसभर दुसऱ्यांच्या जखमा बांधायच्या आणि स्वतःच्या दंडावरचे वळ पदराखाली झाकायचे, अशी तिची नोकरी. त्यात भावानं अक्कलकोटकडचा एक बिजवर तिच्यासाठी पाहून ठेवला होता. त्याची पहिली बायको विहिरीत सापडली होती. कशी पडली, हे गावात सगळ्यांना ठाऊक, पोलिसांना सोडून.

चौऱ्याहत्तर सालचा रेल्वेचा संप मोडला, त्या पावसाळ्यात दाक्षायणी गुपचूप मुंबईला मुलाखत देऊन आली. इराणच्या दवाखान्यांना नर्स हव्या होत्या. सगळं जमल्यावर तिनं परसात आईच्या, गौरम्माच्या, कानाशी लागून सांगितलं, "अव्वा, मी इराणला जाते. गुरुवारी. अण्णाला कळलं तर पाय मोडंल माजं."

कुंपणापलीकडं चंद्रव्वा भांडी घासत होती. हिचा उजवा कान नवऱ्याच्या एका थपडेत कायमचा गेलेला, पण उरलेल्या डाव्यावर ती सगळं गाव सांभाळायची. आमच्या त्या पट्ट्यात आळीआळीत एकेक ईरण्णा. इराण कुणी ऐकलंय? तिनं ऐकलं, "ईरण्णाला जाते." 'ला'चं 'कडं' तिनं पदरचं केलं आणि विरुपाक्षाला गाठलं.

"विरूपा, बहिणीनं आपली सोय बगितली की रं!"

"कोन?"

"तो की, पंक्चरवाला."

आता हा ईरण्णा पन्नाशीचा, टकला, विधुर. बनियन पोटापर्यंत पोचायचं नाही. दाक्षायणी त्याला मामा म्हणायची. तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. विरुपाक्ष आला आणि त्याचं तोंडच घमेल्यात दाबलं. बुडबुडे आले! मग पंप उचलून टाळूवर घातला. ईरण्णानंही हाताला आली ती सायकलची चेन फिरवली, विरुपाक्षाची भुवई डोळ्यावर लोंबायला लागली. लोकांनी दोघांना एकाच टेम्पोत कोंबून सोलापूरला धाडलं. शहाणेच ते लोक.

टेम्पोत ईरण्णा कण्हत म्हणाला, "आरं, पर म्या केलं काय?"

"माजी भैन तुज्याकडं पळून येनार व्हती!"

"माज्याकडं?" ईरण्णा रक्त पुसायचा थांबला. "कवा?"

ह्यावर त्याचा एक दात गेला.

दवाखान्यात ड्यूटीवर नेमकी दाक्षायणी. विरुपाक्ष तिच्यावर ओरडला, "बोल, ह्या ईरण्णाकडं जानार व्हतीस का न्हाय?"

तिनं कपाळाला हात लावला. "अण्णा, ईरण्णा न्हाय, इराण! देश हाय त्यो. समुद्रापल्याड."

वॉर्ड हसला. भावाचा राग निवायला हवा होता, नाही का? उलट भडकला. "त्यापरीस ईरण्णा बरा की! हितं तरी व्हता!" म्हणत त्यानं तिची वेणी धरली आणि डोकं लोखंडी खाटेवर आपटलं. ती खाली पडली, तसं त्यानं स्टूल उचललं. "गुडगाच फोडतो. मग जा इराणला सरपटत!"

ती कशीबशी बाजूला लोळली. स्टूल फरशीवर बसलं, फरशी तडकली. तो पुन्हा उचलणार, तोच तपासणीच्या टेबलावरून ईरण्णा उतरला, विरुपाक्षाला पाडलं आणि सरळ त्याच्या छातीवर बसला. सारा पन्नाशीचा ऐवज! दवाखान्याच्या चौकीवरच्या हवालदारानं पाय धरले. डॉक्टर दारातून म्हणाले, "सिस्टर, भुवईला टाके घाला. मग हवालदार, न्या त्याला."

दाक्षायणीनं तसंच, आपल्या कपाळावरचा ओघळ पुसत, टाके घातले. बधिर करायचं इंजेक्शन द्यायला विसरली म्हणे. इतकी वर्षं नोकरी केलेली बाई विसरते कशी, हे मला विचारू नका. एकेक दोरा ती सावकाश ओढत होती, आणि विरुपाक्षाची किंकाळी फाटकाबाहेरच्या चहावाल्यापर्यंत जात होती.

ईरण्णाच्या तक्रारीवरून त्याला कोठडीत टाकलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार. होटगीची चार वडीलधारी माणसं सकाळीच ईरण्णाच्या खाटेशी हजर. तक्रार मागं घे, गावातलं गावात मिटव. मिटलं असतं तर विरुपाक्ष मुंबईच्या गाडीआधी सुटला असता, आणि त्यानं पोरीला स्टेशनात गाठलं असतं. दाक्षायणी आदल्या संध्याकाळीच सांगून गेली होती, "मामा, माजी गाडी हलंस्तवर मिटवू नका."

"ईरण्णा, बरं हाय का?"

"कोन तुमी?" ईरण्णा छताकडं बघत म्हणाला. "आन मी कोन?"

"डोक्याला लागलंय," एक म्हातारा कुजबुजला. त्यांनी केळी सोलून भरवली. ईरण्णानं केळी ओळखली, माणसं ओळखली नाहीत. दुपारपर्यंत त्यांनी त्याला त्याच्या बापाचं नाव, गोत, दुकानाची दिशा सगळं शिकवलं. तो सगळं विसरत राहिला. तेवढ्यात दाक्षायणीच्या जोडीची नर्स स्टेशनवरून धापा टाकत आली. "मामा, बसली. सुटली गाडी."

ईरण्णा उठून बसला. "आना, कुटं सही करायची?"

विरुपाक्ष सुटला तो धावतच स्टेशनावर. फलाट मोकळा. त्यानं रागानं वजनकाट्याला अशी लाथ हाणली की पायाचा अंगठा मोडला. लंगडत पुन्हा त्याच दवाखान्यात गेला. बहीण गेलेली, ईरण्णाही सुट्टी घेऊन होटगीला; ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत अंगठा धरून बाकावर बसला होता.