मध्यंतरापर्यंतचे सिनेमे

नवश्या गणपतीपुढे मी एकदा बोलले होते, "बाप्पा, ह्यांचं आणि मंजिरीचं बोलणं सुरू होऊ दे. तोवर मी कुठल्याही सिनेमाचा शेवट बघणार नाही."

नवस बोलायला एक तोंड पुरतं. पाळायला मात्र घर लागतं, शेजार लागतो, आणि माझ्या बाबतीत तर थिएटरचा डोअरकीपरसुद्धा लागला! त्यामुळे त्या एका नवसापायी किस्से असे साठत गेले, जसे देवळात नारळ साठतात. साठवून ठेवले तर खवट होतील, म्हणून त्यातले चार-सहा आज फोडून वाटते.

०००

आधी भानगड काय ते सांगते. मंजिरी आमची एकुलती एक लेक. ह्यांनी तिचं लग्न ओझरच्या कारखान्यातल्या आपल्या जिवलग मित्राच्या मुलाशी ठरवलं होतं. सुपारी फुटली होती, कार्यालय बघून झालं होतं. आणि पोरीनं सांगितलं, "बाबा, मला योगेशशी लग्न करायचंय." योगेश दिंडोरीचा, तिच्या कॉलेजातला. घरची द्राक्षबाग, मुलगा सोन्यासारखा. लग्न झालं, संसारही छान चाललाय. पण ह्यांचा मित्राला दिलेला शब्द मोडला, तो मोडलाच!

तेव्हापासून हे लेकीशी बोलत नाहीत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त सगळं माझ्यामार्फत. दिवाळीला ती आली, समोर बसून चकली खात होती, तर हे मला म्हणाले, "तिला सांग, गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करत जा."

मी मंजिरीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, त्यांना सांग, परवाच केली."

मधे मी. पोस्टाची पेटी!

०००

मग नवस करायचा ठरला. आमचं मंगळवारचं भजनी मंडळ आहे. त्यातल्या आम्ही तिघी घट्ट मैत्रिणी. मी, समोरच्या शैलावहिनी आणि शाळेतून रिटायर झालेल्या कुसुमताई. कधीमधी भजन आटोपलं की आम्ही तिघी दुपारच्या शोला जातो. त्या शोला गर्दी नसते आणि पाय वर घेऊन बसता येतं.

नवसाला आवडती वस्तू सोडायची असते. मी म्हटलं, "कारलं सोडते."

कुसुमताई म्हणाल्या, "वसुधा, गणपतीला सोंड आहे, बुद्धीही आहे. तुला कारलं आवडत नाही हे त्याला ठाऊक आहे."

शैलावहिनी म्हणाल्या, "सिनेमा सोडा!"

 मी खूप विचार केला आणि मार्ग काढला. आपण देवाला नैवेद्य दाखवतो तेव्हा सगळा कुठे तिथे ठेवतो? प्रसाद म्हणून घरी आणतोच ना! तसं, सिनेमाचा पुढचा अर्धा भाग बाप्पाचा आणि पहिला अर्धा माझा!

कुसुमताईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "हा हिशोब मी शाळेत कुणाला चालू दिला नसता. पण देव दयाळू आहे."

०००

तेव्हापासून मी मध्यंतराला उठते. हे स्कूटरवर सोडायला येतात आणि मध्यंतराच्या सुमारास न्यायलाही येतात. "तुझ्या नवसाचं तू बघ," एवढंच म्हणतात. पण येतात.

पहिल्यांदा मी बाहेर पडले तेव्हा डोअरकीपर घाबरून म्हणाला, "मावशी, पिक्चर बाकी आहे अजून!"

म्हटलं, "असू दे बाबा, तुझ्याकडेच ठेव."

एकदा तिकीट खिडकीपाशी एक नवीन लग्न झालेलं जोडपं उभं होतं. मला बाहेर येताना बघून त्या मुलीनं विचारलं, "काकू, एवढा वाईट आहे का?"

"छे गं! फार सुंदर आहे."

"मग निघालात?"

"गणपतीसाठी!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं मिसळ खायला निघून गेली.

०००

आता सिनेमांबद्दल माझी मतं ठाम आहेत, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, हल्लीचे सिनेमे शेवटी रटाळ होतात. माझ्या अनुभवात एकही सिनेमा शेवटी रटाळ झालेला नाही!

तो एक भुताचा सिनेमा आला होता, सगळं नाशिक बघून आलं. मला तर ते भूत फारच आवडलं. बाईचं भूत. रात्री येऊन स्वयंपाकघर आवरायचं, भांडी जागेवर लावायचं, झोपलेल्या बाळाचं पांघरूण नीट करायचं. मी मंडळात सगळ्यांना सांगितलं, "घरंदाज भूत आहे. सासवांनी सुनांना घेऊन जावं."

शैलावहिनींच्या सासूबाई माझ्या शब्दावर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रामरक्षेचं पुस्तक हातात घेऊनच आमच्या दारात उभ्या! "अगं वसुधा, ते भूत चांगलं होतं म्हणालीस ना?"

"हो, मध्यंतरापर्यंत होतं!"

०००

या प्रकारानंतर मंडळात मोठी चर्चा झाली. सासूबाई रागाच्या भरात मला भुताचं पुढचं सगळं सांगायला निघाल्या होत्या. कुसुमताईंनी त्यांना हातानंच थांबवलं. म्हणाल्या, "सत्यनारायणाची पूजा न करता नुसती कथा ऐकली तरी फळ मिळतं की नाही?"

सगळ्या म्हणाल्या, "मिळतं."

"मग शेवट नुसता ऐकला तरी नवस मोडणार! वसुधाला कुणी काही सांगायचं नाही. आणि हिच्या नवऱ्याला, भाऊंनाही नाही. त्यांना कळलं की हिला कळणारच."

सगळ्यांना पटलं. त्रास झाला तो एकट्या शैलावहिनींना. त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही! पुढे एक खुनाचा सिनेमा आला. त्यात एक खेळकर म्हातारा डॉक्टर होता, गरिबांना फुकट औषध द्यायचा. मी मध्यंतरालाच जाहीर केलं की खून माळ्यानं केला. कारण तो देवाला नमस्कार न करता घराबाहेर पडतो, मी नीट पाहिलं होतं.

संध्याकाळी शैलावहिनी पदर तोंडात कोंबून आमच्या ओट्याशी घुटमळत होत्या. शेवटी राहवेना. म्हणाल्या, "वसुधाताई, मी काही म्हणजे काही सांगत नाहीये. पण त्या डॉक्टरकडे तुम्ही औषधाला जाऊ नका!"

०००

दाक्षिणात्य मारामारीचा तो सिनेमा, ज्याची जाहिरात प्रत्येक रिक्षावर होती, तोही पाहिला. माझं मत असं की इतका शांततेचा संदेश देणारा सिनेमा दुसरा नाही. नायक मार खातो, हात जोडतो, पुन्हा मार खातो, पण हात उगारत नाही. शाळांनी मुलांना दाखवावा.

कुसुमताई पूर्ण बघून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वसुधा, हे मत शाळेत जाऊन सांगू नकोस."

०००

मंजिरीकडे दिंडोरीला गेले होते तेव्हाची गोष्ट. बागेत छाटणी चालू होती. दुपारी जेवणं झाल्यावर जावयांनी माझ्यासाठी मोठ्या टीव्हीवर सिनेमा लावला. मी घाबरले. टीव्हीवरच्या सिनेमाला मध्यंतर कुठे असतं? उठायचं कधी?

योगेशराव म्हणाले, "आई, घड्याळ लावून बघू का अर्धं किती होतंय ते?"

मी म्हटलं, "नको. देवाला गजर लावायचा नसतो. तो सुचवेल."

सिनेमा रंगला. नायिका मांडवातून पळाली, मागे बाप, मागे गाड्या, पुढे कच्चा रस्ता लागला, आणि फट्ट! लाइट गेली! चांगली संध्याकाळपर्यंत आली नाही.

मंजिरीच्या सासूबाई सूप बाजूला ठेवून हात जोडून उभ्या राहिल्या. "इहीनबाई, तुमचा गनपती लय जागृत हाय बगा! पर त्याला सांगा, आमची मोटर चालू ऱ्हाऊ द्यायची व्हती!"

घरी आल्यावर ह्यांना हे सांगितलं. हसले नाहीत. जेवताना म्हणाले, "टीव्ही केवढा आहे त्यांच्याकडे?"

"आपल्या दुप्पट."

थोडा वेळ भाकरी मोडत बसले. मग म्हणाले, "तिला सांग, फार जवळ बसून बघत जाऊ नको. डोळे जातील."

मी त्या रात्री बाप्पाला एक जास्तीची दूर्वा वाहिली. अबोला आहे, पण डोळ्यांची काळजी आहे. म्हटलं, चालू दे तुझं काम, मला घाई नाही.

०००

आणि मग तो सिनेमा आला. ज्यानं त्यानं पाहिला, बायका रुमाल पिळत बाहेर आल्या. एक बाप, एक लेक. लेक मनाविरुद्ध घर सोडून जाते आणि बाप तिच्याशी बोलणं टाकतो. मध्यंतराला पडद्यावर काय, तर लेक दाराबाहेर उभी, बाप दाराच्या आत उभा, आणि कडी कुणीच काढत नाही!

मी उठले. उठवत नव्हतं, पण उठले. बाहेर हे स्कूटर घेऊन उभे होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं?"

मी सिनेमा सांगितला. मागे बसून, गंगापूर रोडभर. ह्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. घराशी आल्यावर विचारलं, "मग उघडतो का तो दार?"

"मला काय माहीत!"

दोन दिवस हे अस्वस्थ. चहा घेताना म्हणाले, "तसला बाप उघडणार नाही." अंघोळीहून आले तर म्हणाले, "उघडेलही." शैलावहिनींना जिन्यात गाठलं, तर त्या पदर तोंडात धरून वर पळाल्या. शेवटी कुसुमताईंकडे गेले. मी बरोबर होतेच.

कुसुमताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही स्वतः तिकीट काढून बघा की."

"मी असलं रडकं बघत नाही."

"मग मी सांगू शकत नाही. आमच्या मंडळाचा नियम आहे. मंजिरी मंडळात नाही. ती रविवारी जाऊन आलीय, मला फोनवर म्हणाली. तिला विचारा."

घरी येऊन हे खुर्चीत बसले आणि सवयीनं मला म्हणाले, "तिला विचार, शेवटी काय होतं."

म्हटलं, "अहो, मी कसं विचारू? मी ऐकलं तर नवस मोडेल!"

 इतक्या वर्षांत पोस्टाची पेटी पहिल्यांदाच बंद होती!

मी आत जाऊन वाती वळायला बसले.  बाहेर ह्यांची खुर्ची करकरली, पुन्हा करकरली. मग ह्यांनी लावलेल्या फोनची रिंग ऐकू आली. कारखान्यातल्या आवाजानं ह्यांचा एक कान कमी ऐकतो, म्हणून ह्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी घाईघाईनं कानात बोटं घातली. पण कापूस लावलेली बोटं ती, नीट बसतात कुठे!

"बाबा?" मंजिरीचा आवाज.

  ह्यांनी घसा साफ केला.

"मंजू, तो बाप शेवटी दार उघडतो का गं?"

पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं, रेंज गेली.

"माहीत नाही बाबा."

"म्हणजे? तू पाहिलास ना?"

"इंटरव्हलपर्यंत. आईनं नवस केला तेव्हापासून मीपण तिथेच उठते. योगेश एकटाच बघतो शेवट. मला सांगत नाही."

मी कानातली बोटं काढली. ह्यांची खुर्ची करकरली नाही. उठून बाहेर डोकावले, तर हे फोन दोन्ही हातांत धरून बसले होते.

"उद्या दोघं या," हे म्हणाले. "दुपारच्या शोची चार तिकिटं काढतो. आणि मधे कुणी उठायचं नाही!"

०००

तुमच्याही घरात कुणी कुणाशी बोलत नसेल, तर माझं एवढं ऐका. आवडती एखादी गोष्ट सोडून बघा. सगळी नको. अर्धीच सोडा.