फेसाच्या वासाचा चहा

भांडी घासायच्या लिंबाच्या साबणाचा वास आला की मला अजून तो चहा आठवतो. जपानहून मी पहिल्यांदाच इंग्लंडमधल्या रीडिंग गावी ताईकडे गेले होते. तिच्या सिंकमध्ये एक प्लॅस्टिकचं घमेलं, त्यात फेसाचं कोमट पाणी, वर वरणाचा तवंग आणि भाताची शितं. त्यातून एकेक कप काढून ताई तो न विसळताच फडक्याने पुसत होती. “अगं, विसळ तरी!” मी म्हटलं. “इथे असंच करतात. नखरे नकोत,” म्हणत तिने त्यातल्याच एका कपात मला चहा दिला. मी तो कसाबसा गिळला. संध्याकाळी मी शॉवरखाली अंग स्वच्छ धुतलं, मग टब भरून त्यात बसले आणि जपानातल्या सवयीने गरम पाणी पुढच्या माणसासाठी तसंच ठेवलं. ताई किंचाळलीच. “शी! तू बसलेल्या पाण्यात आम्ही बसायचं?” नाक मुरडत तिने पाणी सोडून दिलं, टब दोनदा घासला आणि खाली जाऊन जेवणाची खरकटी ताटं त्याच घमेल्यात बुडवली. आता ती ओसाकाला माझ्याकडे येते आहे. “तुमच्या त्या टबात मी उतरणार नाही हं,” असं तिने आधीच बजावलंय. नको उतरूस बाई, पण माझ्या सिंकपाशी फिरकलीस तर याद राख.